आर्क्टिकमधल्या जीवाश्म-मोहिमेत रोजचा दिवस कसा जातो?

प्रश्न असा आहे: भूशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीची कॅनडाच्या अतिउत्तरेला, एल्समेअर बेटावर जाणाऱ्या जीवाश्म-मोहिमेत मदतनीस म्हणून निवड झाली आहे. मुक्काम साधारण महिनाभराचा, तंबूतला. तिथं दिवस कसा जातो, काय शिकून जावं आणि कुठं चुकतं, हे तिला हवं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमच्या जागेपणातल्या तासांपैकी निम्मे तास पाणी, स्वयंपाक, तंबू, पहारा, नोंदी आणि ओझी वाहणं यांतच जातात. नवख्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण तसं नाही. ज्या छावणीत पाणी, झोप आणि नोंदी यांची शिस्त असते, तिथंच तिसऱ्या आठवड्यातही माणसं उतारावर नजर रोखून चालू शकतात. बाकीच्या छावण्यांत तोवर सगळे पाय ओढत असतात आणि समोरचं हाड ओलांडून पुढं जातात.

जागेबद्दल थोडं. दक्षिण एल्समेअर ७७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. शेतं, झाडं काही नाही, पाऊसही फारच कमी. हे थंड वाळवंटच. म्हणून तर जीवाश्मवाले इथं येतात, कारण खडक उघडा पडलेला असतो. टिकटालिक, म्हणजे मासा आणि चतुष्पाद प्राणी यांच्या मधला दुवा, इथल्याच फ्रॅम शैलसमूहात, सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या नदीच्या गाळात सापडला. नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स या जीवाश्मतज्ज्ञांच्या चमूनं १९९९ मध्ये मेलव्हिल बेटापासून सुरुवात केली, पण तिथले थर खोल समुद्रातले निघाले. मग ते पूर्वेला एल्समेअरकडे सरकले आणि २००४ मध्ये कड्यातून बाहेर डोकावणारं एक थोबाड दिसलं. १९९९, २०००, २००२ आणि २००४ असे चार हंगाम गेले. हे आकडे लक्षात ठेवा, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत हाती काही लागलं नाही तरी धीर सुटणार नाही.

हंगाम जेमतेम जुलै आणि ऑगस्टचे पहिले दिवस एवढाच. त्याआधी उतारांवर बर्फ असतो, नंतर नवा पडू लागतो. जुलैत तापमान बहुधा ० ते १० अंशांमध्ये फिरतं. ऊन असेल तर अंगातला कोट काढावा लागतो आणि वारा सुटला की त्याच तासात टोपी शोधावी लागते. थंडीपेक्षा ओल आणि वारा यांनीच माणूस जास्त गारठतो. म्हणून अंगाला लागून सुती कपडा नको. बनियन, मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या आणि वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट व पँट. चालण्याच्या बुटांखेरीज गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी बूटही न्या. बर्फ वितळलेल्या चिखलात त्यांना पर्याय नाही.

सगळ्याचं मूळ गणित वजनाचं आहे. रेझोल्यूट या अतिउत्तरेच्या छोट्या वस्तीत कॅनडा सरकारच्या पोलर कॉन्टिनेन्टल शेल्फ प्रोग्रॅमचा तळ आहे. तिथून जाड, मऊ टायरचं ट्विन ऑटर विमान तुम्हाला एखाद्या सपाट खडेरी पट्ट्यावर उतरवतं, पुढं कधी हेलिकॉप्टर. अंतर वाढलं की विमानाला इंधन जास्त लागतं आणि तेवढं सामान कमी करावं लागतं. त्यामुळे तुमच्यासकट प्रत्येक पिशवी काट्यावर चढते. ६ माणसं, ३० दिवस आणि हवामानामुळे अडकलात तर ५ दिवस जादा, असे २१० माणूस-दिवस होतात. कोरडा शिधा माणशी रोज ८०० ते ९०० ग्रॅम धरला तरी १८० किलोंच्या आसपास जातो. चुलीचं पांढरं पेट्रोल माणशी रोज १५० मिलिलिटरच्या हिशेबानं ३० ते ३५ लिटर. त्यावर प्लास्टर, गोणपाट, हत्यारं, तंबू, बंदुका, बॅटऱ्या. जादाचे ५ दिवस कापून वजन वाचवण्याचा मोह प्रत्येक मोहिमेत कुणाला ना कुणाला होतो. तसं कधी करू नका. समुद्रावरचं धुकं एकदा खाडीत शिरलं की विमान तीन-चार दिवस सहज येत नाही.

आता दिवस. सूर्य मावळतच नाही. जुलैच्या मध्यावर तो दुपारी क्षितिजापासून सुमारे ३४ अंश वर असतो आणि मध्यरात्री उत्तरेला ८ अंशांवर. पहिल्या आठवड्यात सगळे उत्साहात रात्री दोनपर्यंत काम करतात आणि दहाव्या दिवशी छावणीचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून घड्याळ रेझोल्यूटच्या वेळेला लावायचं, झोपेची वेळ ठरवायची आणि डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचं. पट्टी दोन न्या, एक हमखास हरवते.

सकाळी पहिला उठतो तो त्या दिवसाचा आचारी. ही पाळी सगळ्यांना येते, प्रमुखालाही. चूल पेटवण्याआधी बाहेर येऊन चारी दिशांना दुर्बिणीतून पाहायचं, मग किटली. वितळत्या पाण्याच्या ओढ्यात हिमनदीनं दळलेलं दगडाचं पीठ असेल तर पाणी दुधाळ दिसतं. ते रात्रीच बादलीत भरून ठेवायचं आणि सकाळी वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं. न निवळता वापरलं तर गाळणी तुंबते आणि काहींचं पोटही बिघडतं. चुलीत इंधन नेहमी तंबूबाहेर, चूल पूर्ण गार झाल्यावर भरायचं. तंबूत चूल चालू असताना वरची आणि खालची अशा दोन्ही फटी उघड्या ठेवायच्या. गारठ्यात त्या बंद कराव्याशा वाटतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका नेमका तेव्हाच असतो. त्याला वास नसतो.

त्यानंतर ठरलेल्या वेळी तळाशी रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवर बोलणं होतं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सगळे ठीक आहेत का, ढग किती उंचीवर आहेत, किती लांबचं दिसतं, वारा कुठून आणि किती, एवढंच सांगायचं असतं. ही वेळ चुकवायची नाही. तुमचा आवाज आला नाही तर तळावर काळजी सुरू होते आणि कुणाचं तरी हेलिकॉप्टर तुमच्यासाठी वळवावं लागतं.

जेवणात तुपा-तेलाचं प्रमाण वाढवा. अशा कामात ३५०० ते ४००० कॅलरी सहज लागतात. दुपारी चूल पेटत नाही, त्यामुळे बिस्किटं, चीज, सुका मेवा, चॉकलेट खिशात. आपल्या सवयीचे काही पदार्थ इथं फार उपयोगी पडतात: भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. हे हलके असतात, टिकतात आणि इंधन कमी खातात. डाळ न्यायची तर मूग किंवा मसूर. राजमा, छोले घरीच राहू द्या. पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर स्वतःचं वजन इंधनातून भरून काढतो. डाळ-तांदूळ कॅनडातल्याच भारतीय दुकानांतून घ्या, विमानतळावरची तपासणी टळते. शाकाहारी असाल तर मोहीमप्रमुखाला हिवाळ्यातच सांगा, कारण शिधा महिनोन्‌महिने आधी बांधला जातो.

छावणीची मांडणी ध्रुवीय अस्वलाला धरून असते. झोपायचे तंबू गोलात लावत नाहीत, एका रांगेत लावतात, मध्ये निदान ५ मीटर अंतर ठेवून. कारण गोलात शिरलेल्या अस्वलाला आपण घेरलो गेलो असं वाटतं. स्वयंपाकाचा तंबू किमान ५० मीटर लांब, पण नजरेच्या टप्प्यात. टूथपेस्ट, साबण, चॉकलेटचा कागद, सगळं तिकडे. निजायच्या तंबूत काहीही वासाचं नको. छावणीभोवती विजेच्या तारेचं किंवा तार ओढली की आवाज करणारं कुंपण असतं. रोज संध्याकाळी ते तपासायचं, कारण वाऱ्यानं हललेला एक खांबही ते निकामी करतो.

कुणीही एकट्यानं कुठं जात नाही. प्रत्येक जोडीजवळ १२ बोअरची पंप-ॲक्शन बंदूक आणि तिच्यातून उडवायचे आवाजी फटाके असतात. फटाका अस्वल आणि तुम्ही यांच्या मधे फुटला पाहिजे. घाईत तो अस्वलाच्या मागं जाऊन फुटतो आणि घाबरलेलं जनावर तुमच्याच दिशेनं पळत येतं. ही चूक बंदूक न शिकलेल्यांपेक्षा अर्धवट शिकलेल्यांकडून जास्त होते. म्हणून निघण्याआधी जाड हातमोजे घालून, पाठपिशवी पाठीवर असताना, निदान दोन सत्रं सराव करा.

तंबूच्या खुंट्या खड्यांत धरत नाहीत, दोऱ्यांना दगड बांधावे लागतात. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची. किनाऱ्याच्या बाजूला सपाट जागी दगडांची जुनी वर्तुळं दिसतात. त्या इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इनुइट आणि त्यांच्या पूर्वजांच्या, तंबूंच्या खुणा आहेत. कायद्यानं त्या पुरातत्त्वीय जागा आहेत. त्यातला एकही दगड उचलायचा नाही, मग वारा कितीही असो. दगड ओढ्यातून आणा.

परवान्याचंही इथंच सांगतो. एल्समेअर ज्या प्रदेशात येतं त्या नुनावुतमध्ये जीवाश्मांसाठी दोन प्रकारचे परवाने असतात: पहिला नुसती पाहणी आणि नोंद करायला, दुसरा खणायला आणि गोळा करायला. पहिल्या वर्गाच्या परवान्यावर उतारावरचा सुटा तुकडाही खिशात टाकता येत नाही. सापडलेला नमुना नुनावुतचा असतो, संशोधक तो अभ्यासापुरता उसना नेतात. टिकटालिकचं नावही तिथल्या वडीलधाऱ्यांच्या परिषदेनं सुचवलेलं आहे. गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशासाठी असलेला तो त्यांचा शब्द. जवळच्या ग्रीस फिओर्ड या वस्तीतल्या लोकांना मोहिमेची माहिती आधी देणं हा उपचार म्हणून उरकू नका. शिकारीच्या वाटा, बर्फ कुठं दगा देतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

साधारण नऊला जोड्या निघतात. ओढे पहाटे आणि सकाळी सर्वांत उथळ असतात, दुपारनंतर वितळलेलं पाणी चढत जातं आणि संध्याकाळी जोर सर्वांत जास्त असतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलात तर परतताना ते मांडीपर्यंत आलेलं असू शकतं. म्हणून जातानाच परतताना ओढा ओलांडायची दुसरी जागा हेरून ठेवा. ओढा ओलांडताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडायचा, पडलात तर पिशवी टाकता आली पाहिजे. कंपासवर विसंबू नका. चुंबकीय ध्रुवाच्या इतक्या जवळ सुई सुस्त असते आणि भलतीकडे वळते. जीपीएस वापरा, त्यात लिथियमचे सेल घाला, साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. सौर पॅनेल आडवं ठेवून भागत नाही. सूर्य खाली असतो आणि गोल फिरतो, म्हणून पॅनेल जवळजवळ उभं करून दिवसातून तीन-चार वेळा फिरवावं लागतं.

शोधायचं कसं? हाडाचा आकार शोधू नका, पोत शोधा. खडक फुटतो तेव्हा कडा आणि कण दिसतात. हाड फुटतं तेव्हा बारीक छिद्रांची जाळी दिसते, आणि बाहेरून खडकाला नसते अशी गुळगुळीत चमक. डोळा बसायला तीन-चार दिवस लागतात. आपण महाराष्ट्रात बेसॉल्ट पाहत मोठे होतो, त्यात हाड नसतं, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना हा सराव मुद्दाम करावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांतल्या डायनासोरच्या हाडांचे तुकडे आणि अश्मीभूत विष्ठा शेतांत पृष्ठभागावर मिळतात. विभागामार्फत, रीतसर परवानगीनं तिथं दोन दिवस नुसतं वाकून चाललात तरी आर्क्टिकमधला पहिला आठवडा वाचेल.

तुकडा दिसला की उचलायची घाई नको. तिथं झेंडी लावा, फोटो घ्या, जीपीएसची नोंद करा आणि उताराच्या वरच्या बाजूला पाहा. सुटे तुकडे खालीच घरंगळतात, त्यामुळे वर चढत गेलं की एका पातळीनंतर तुकडे मिळणं थांबतं. थर त्याच्या आसपास असतो. प्रकाशाचा इथं एक मोठा फायदा आहे. तिरप्या उजेडात बारीक उंचवटेही सावली टाकतात, आणि सूर्य आकाशात चहूकडे फिरत असल्यानं प्रत्येक उताराची स्वतःची अशी एक वेळ असते. उत्तरेकडे तोंड असलेला उतार दुपारी सपाट, निर्जीव दिसतो आणि रात्री अकराच्या उजेडात त्याच उतारावर खवले चमकतात. असा उतार असेल तर त्या दिवसापुरतं वेळापत्रक सरकवावं, पण आधी ठरवून.

तुकडे कितीही लहान असोत, सगळे गोळा करा. एल्समेअरवरच्याच स्ट्रॅथकोना फिओर्ड भागात उंटाच्या नडगीच्या हाडाचे साधारण ३० तुकडे २००६, २००८ आणि २०१० अशा तीन हंगामांत मिळून गोळा झाले. वरकरणी ते लाकडाच्या ढलप्यांसारखे. ३४ लाख वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी इतक्या उत्तरेला उंट होते, हे त्यांतून आणि त्यांतल्या टिकलेल्या कोलॅजेन या हाडातल्या प्रथिनावरून कळलं. त्या भागातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांतलं लाकूड मात्र सुकू द्यायचं नाही. ते चिरतं आणि पापुद्रे निघतात. ओलसर ठेवून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा.

खणताना पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायमची गोठलेली जमीन, आडवी येते. उन्हानं वरचे काही सेंटिमीटर सुटतात, तेवढे काढायचे आणि पुढचं सुटेपर्यंत दुसरीकडे काम करायचं. गोठलेल्या थरावर छिन्नी मारली तर खडक नाही, हाड फुटतं. खाणीच्या वरच्या बाजूला पाणी वळवणारा चर आधी काढा, नाहीतर वितळलेलं पाणी उघड्या हाडावर येतं. दगड फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच. दवाखाना एका विमानफेरीच्या अंतरावर आहे.

हाड भक्कम करायला पॅरालॉइड बी-७२ ही कृत्रिम राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, मुरवायला ५ ते १० टक्के, चिकटवायला बरंच दाट. अडचण अशी की ओल्या हाडावर आणि थंड हवेत ते पांढरं पडतं आणि आत मुरत नाही. हाड आधी वाऱ्याला, आडोशाला सुकवा. ॲसिटोन धोकादायक माल म्हणून आधी नोंदवावं लागतं. ऐनवेळी सामानात सापडलं तर तिथंच राहतं.

आता प्लास्टरचं जॅकेट. इथं सर्वांत जास्त नुकसान होतं म्हणून सावकाश सांगतो. हाडाभोवती पुरेसा खडक ठेवून ब्लॉक खाली निमुळता करत आणायचा, कुत्र्याच्या छत्रीसारखा. उघड्या हाडावर ओला टॉयलेट पेपर चार-पाच पदर थापायचा. तो राहिला तर प्लास्टर हाडाला चिकटतं आणि प्रयोगशाळेत ते काढताना हाडाचा पापुद्रा निघतो. गोणपाटाच्या १० ते १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या आधीच कापून, भिजवून, पिळून ठेवा. पाणी गरम लागतं, हाताला सोसेल इतकं, ३५ ते ४० अंश. ओढ्याचं बर्फासारखं पाणी घेतलं तर प्लास्टर अर्धा-पाऊण तास बसत नाही, आणि बसण्याआधी गोठलं तर वाळल्यावर चुरा होतो. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. वरती कोरडी बेटं दिसू लागली की थांबायचं, मिनिटभर भिजू द्यायचं, मगच हात घालायचा. फार घोटलं तर भांड्यातच घट्ट होतं. दही जितकं दाट असतं तितकं हवं. पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवत, आधी आडव्या, मग उभ्या, हवेचे बुडबुडे बोटांनी दाबून काढत. घट्ट झाल्यावर खालून सोडवून एका दमात पालथं करायचं आणि तळ बंद करायचा.

ब्लॉकचा आकार ठरवताना पुन्हा वजन आठवा. ४०×३०×२० सेंटिमीटरचा खडक सुमारे ६० किलोंचा भरतो, वर ४-५ किलो प्लास्टर. दोन माणसांनी उतारावरून न्यायची ही जवळजवळ मर्यादाच आहे. मोठं हवंच असेल तर हेलिकॉप्टरची फेरी आधी मागितलेली असली पाहिजे. जॅकेटवर क्षेत्र-क्रमांक, तारीख, वरच्या दिशेचा बाण आणि उत्तर दिशा लिहा. तीच माहिती पेन्सिलीनं जलरोधक कागदावर लिहून पिशवीतही घाला. बॉलपेन थंडीत लिहीत नाही. जागा, थर, जोडीची नावं ही नोंद तिथंच, उभ्या उभ्या करायची. संध्याकाळी तंबूत बसून आठवणीनं लिहिलेल्या नोंदीत दोन खाणींची सरमिसळ होते, आणि कोणत्या थरातून आलं हे न कळणारं हाड निम्म्या किमतीचंही राहत नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास परत. ओले मोजे लगेच बदलायचे, मग जेवण, रेडिओ, क्रमांकांची यादी दोघांनी मिळून तपासणं. कुणी नेहमीपेक्षा गप्प झालं, शब्द अडखळू लागले, हातातून चमचा निसटू लागला तर थकवा समजून सोडू नका. शरीराचं तापमान उतरत असल्याची ती खूण आहे. कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, गोड गरम पेय, आणि एक माणूस सोबतीला. संडासाची जागा ओढ्यापासून लांब ठरवलेली असते. जमीन फार खोल खणता येत नाही, कागद जाळायचा किंवा परत न्यायचा, आणि तिथंही जाताना कुणाला तरी सांगून. आंघोळ आठवड्यातून एकदा, दोन-तीन लिटर गरम पाण्यात.

वारा-पावसाचे किंवा धुक्याचे दिवस येतात, कधी सलग तीन. ते निजून घालवू नका. पट्ट्या कापा, पेट्या बांधा, शिध्याची मोजदाद करा, नकाशावर थर चढवा. तंबूखालची जमीन तुमच्या अंगाच्या उबेनं सुटून दोन आठवड्यांत खड्डा पडतो आणि पाणी साचतं. अशाच दिवशी तंबू दोन हात सरकवून घ्या.

शेवटचे चार दिवस नव्या खणण्याला हात लावायचा नाही, हा नियम मोडणारे मोडतात आणि उघडं पडलेलं हाड हिवाळ्याच्या स्वाधीन करून येतात. जे निघण्यासारखं नसेल त्याचा फोटो घ्या, मापं घ्या, वर प्लास्टिक आणि बारीक मातीचा थर द्या, मग दगड. खाण बुजवा. इंधनाचे रिकामे डबे, दोऱ्या, राख, सगळं परत. जॅकेटांचं वजन अंदाजानं कळवू नका, स्प्रिंग-काट्यावर टांगून आकडा घ्या आणि रेडिओवर तोच सांगा. वैमानिक त्यावर इंधन ठरवतो. विमान दिसेपर्यंत एक तंबू, एक चूल आणि दोन दिवसांचा शिधा बांधायचा नाही.